बाबांची ऑक्टाव्हिया रोज चालवायची, पण आधी काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय 36, राहायला चिंचवडला, नोकरी चाकणला. जाऊन-येऊन 44 किलोमीटर. सध्या कंपनीच्या बसने जातो. वडिलांची 2006 ची स्कोडा ऑक्टाव्हिया, 1.9 टीडीआय डिझेल, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन वर्षं उभी आहे. वडील 71 वर्षांचे; गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. उभी राहण्याआधी ती दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर ओढतच नव्हती. मला तीच गाडी रोज वापरायची आहे. सोबत रीमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), 17 इंची अलॉय चाकं, थोडी खाली घेतलेली बॉडी, प्रोजेक्टर हेडलाइट, मोठा एक्झॉस्ट आणि मॅट ग्रे रंग, असं सगळं मनात आहे. गॅरेजवाल्याने 4 लाख 10 हजार सांगितले: इंजिन-सस्पेन्शनचं काम 1 लाख 65 हजार, डेंटिंग-पेंटिंग 75 हजार, मॉडिफिकेशन 1 लाख 70 हजार. बायको म्हणते, 70 हजाराला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाक; 8 लाखांचं कर्ज काढून नवी छोटी गाडी घेऊ. मुलगी दहा वर्षांची आहे. वडील यावर काहीच बोलत नाहीत. मित्र सांगतात की 15 वर्षांपुढच्या गाड्या सरकार बंदच करणार आहे. मी भावनेच्या भरात पैसे बुडवतोय का?

उत्तर:

तुम्ही पैसे बुडवताय की नाही, हे 4 लाख 10 हजारांच्या आकड्यावरून कळणार नाही. त्या आकड्यात दोन वेगळी कामं एकत्र लिहिली गेली आहेत. एक काम गाडी पुन्हा भरवशाची करण्याचं, दुसरं तिचं रूप आणि स्वभाव बदलण्याचं. पहिलं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यावर घातलेला रुपया वाया जातो. गॅरेजवाल्याने एकाच कागदावर बेरीज मांडली आणि तुमच्या पत्नींनीही ती बेरीजच पाहिली. त्यांचा नकार गाडीला आहे की त्या बेरजेला, हे तुम्ही त्यांना वेगळं विचारलेलं पत्रात दिसत नाही.

मग पहिल्या कामाचाच हिशोब करू. 70 हजारांच्या गाडीवर 1 लाख 65 हजार घालणं म्हणजे तोटा, असं तुम्ही धरून चालला आहात. विकण्यासाठी दुरुस्त करत असाल तर हा तोटाच आहे, त्यात वाद नाही. पण तुम्हाला ती वापरायची आहे. मग तुलना बाजारभावाशी करू नका, दुसऱ्या पर्यायाला लागणाऱ्या पैशांशी करा. 8 लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी काढलंत तर हप्ता साधारण 16,800 रुपये बसतो. म्हणजे दुरुस्तीचा खर्च दहा हप्त्यांएवढा. अर्थात पाच वर्षांनी नव्या गाडीला किंमत उरेल आणि तुमच्या ऑक्टाव्हियाला जवळजवळ उरणार नाही, हेही त्याच वहीत लिहा. शिवाय वीस वर्षांच्या गाडीला दुरुस्तीसाठी दर महिन्याला चार-पाच हजार बाजूला ठेवावे लागतात. एखाद्या महिन्यात ते खर्च होणार नाहीत, एखाद्या महिन्यात तीन महिन्यांचे एकदम जातील. ही शिस्त जमणार नसेल तर पुढचं वाचण्याआधीच गाडी विकायचं ठरवा, त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: तुम्ही कंपनीच्या बसने जाता. म्हणजे तुम्हाला घाई नाही. ज्याला सोमवारपासून गाडी हवी असते तो गॅरेजवाल्याचं सगळं मान्य करतो. तुम्ही टप्प्याटप्प्याने जाऊ शकता आणि प्रत्येक टप्प्यावर थांबूही शकता.

आता ताकदीबद्दल. ही गाडी दोन हजारांच्या वर ओढत नव्हती आणि तुम्हाला ती रीमॅप करायची आहे. मला वाटतं, तुमची ती ओढ समजण्यासारखी आहे, पण उपाय उलटा आहे. हे 1.9 लिटरचं इंजिन कारखान्यातून 90 हॉर्सपॉवर आणि 210 न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन निघालं होतं. त्याचा खरा जोर 1900 आरपीएमच्या आसपास येतो. म्हणजे जिथे ते रंगात यायला हवं, नेमकं तिथेच तुमचं इंजिन मान टाकतंय. याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. हवा मोजणारा एअर मास मीटर बिघडतो आणि कंट्रोल युनिटला कमी हवा येतेय असं सांगतो, मग युनिट डिझेलही कमी सोडतं. इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या टर्बोकडे जाणारे बारीक व्हॅक्यूम पाइप उष्णतेने कडक होऊन चिरतात. ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी होज कुठेतरी फाटलेला असतो. जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआरमधून येणारी काजळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांमध्ये, इतकी साचते की हवेची वाटच अरुंद होते. आणि कधीकधी फक्त डिझेल फिल्टर चोंदलेला असतो. अशा इंजिनाला रीमॅप करणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला आणखी जेवायला वाढून पळायला लावणं. डिझेल वाढेल, हवा तेवढीच राहील, मागून काळा धूर निघेल आणि टर्बो तापेल.

म्हणून फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांसाठीचं व्हीसीडीएस सॉफ्टवेअर असलेल्या माणसाकडे गाडी दाखवा. गाडी चालू असताना इंजिन किती हवा मागतंय आणि प्रत्यक्ष किती येतेय, टर्बोचा दाब किती हवा आणि किती मिळतोय, हे आकडे त्यात शेजारी शेजारी दिसतात. चांगला माणूस ते आकडे पाहूनच पार्ट बदलतो. आकडे न पाहता टर्बो बदलायला सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. गाडीने हरवलेली ताकद परत आणलीत की रीमॅपची हौस बरीचशी शमेल, असा माझा अंदाज आहे. चाकणच्या रस्त्याला त्या 210 न्यूटन-मीटरचा पुरेपूर उपयोग करायला तरी कुठे जागा मिळते?

पण हे सगळं गाडी चालू झाल्यानंतरचं. तीन वर्षं उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट किल्ली फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. कृपा करून तो टाळा. या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका लयीत ठेवणारा पट्टा, तुटला किंवा घसरला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट रबराचा असतो; तो किलोमीटरने जेवढा झिजतो तेवढाच वयानेही म्हातारा होतो. शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल तर तो संपला आहे असंच समजा आणि पहिल्या स्टार्टच्या आधी बदलून घ्या. बेल्ट ताणून धरणारी चाकं (टेन्शनर, आयडलर) आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला, कारण तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. पंप घेताना आतला पंखा धातूचा असलेला मागा. या गाड्यांमध्ये प्लास्टिकचे पंखे असलेले पंपही यायचे आणि ते पंखे तुटून इंजिन तापायचं.

बेल्टच्या कामासाठी मेकॅनिक निवडताना एकच प्रश्न विचारा: कॅम लॉक करायची प्लेट आणि डिझेल पंपाची पिन तुमच्याकडे आहे का? हे इंजिन त्या दोन हत्यारांनी जागच्या जागी धरून बेल्ट चढवायचा असतो, आणि नंतर पंपाचं टायमिंग कॉम्प्युटरवर तपासायचं असतं. "आपण पेंटने खूण करून चढवतो, काही होत नाही," असं उत्तर आलं तर गाडी तिथे सोडू नका. त्या माणसाचा हात कितीही चांगला असला तरी हे काम डोळ्याच्या अंदाजाने करायचं नाही.

त्याच फेरीत टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, टाकीत पाणी किंवा गाळ साचलाय का ते पाहा. नवा फिल्टर ताज्या डिझेलने भरून मगच बसवा, नाहीतर पंप कोरडा फिरतो. इंजिन ऑइल बदला. किल्ली लावण्याआधी क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा. कुठे अडलं तर तिथेच थांबता येतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, ते पूर्ण काढून नवं भरा. मागचे ब्रेक आणि हँडब्रेकची केबल जाम झालेली असणार. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का, हे बॉनेटखाली आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाहा; पार्किंगमधल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. कूलंट गुलाबी रंगाचं असेल तर त्यात हिरवं किंवा निळं ओतू नका. दोन जाती मिसळल्या की तपकिरी चिखल होतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. सगळं काढून, धुऊन, एकाच जातीचं भरा.

टायर कितीही नवे दिसत असले तरी बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपुढचे टायर, त्यात तीन वर्षं एकाच जागी उभे असलेले, मी तरी मुलीला शाळेत सोडायच्या गाडीवर ठेवणार नाही.

गाडी चालू झाली की छोटी दुखणी निघतील: डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल झिरपेल, डाव्या-उजव्या दरवाजाच्या काचा खाली पडतील, सेंट्रल लॉक रुसेल. काचा धरणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा आणि लॉकच्या आतला बारीक स्विच हे या पिढीचं दुखणंच आहे. गोल्फ, बोरा, ऑडी ए3 ची पहिली पिढी, सेआट लिऑन आणि तुमची ऑक्टाव्हिया एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच मूळ सांगाड्यावर, उभ्या आहेत. याचा तुम्हाला फायदा असा की भारतात ऑक्टाव्हिया म्हणून मिळत नसलेला पार्ट जगात कुठेतरी गोल्फचा म्हणून मिळतो. पार्ट शोधताना गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुन्या पार्टवरचा नंबर वाचून दाखवा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा जुना बाजार आणि ऑक्टाव्हिया पाळणाऱ्या लोकांचे गट, या तिन्ही ठिकाणी नंबरच चालतो.

आणि एक छोटी गोष्ट, जी तुमच्या पत्नींच्या काळजीशी थेट जोडलेली आहे. डॅशबोर्डखाली 109 नंबर छापलेला एक रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) असतो, तो इंजिनच्या कंट्रोल युनिटला वीज देतो. वयानुसार त्याच्या आतले सोल्डरचे जोड सुटतात. मग गाडी चालता चालता बंद पडते, थोडी थंड झाली की पुन्हा चालू होते, आणि कोणालाच कारण सापडत नाही. किल्ली फिरवल्यावर ग्लो प्लगचा दिवा पेटला नाही तर संशय यावरच घ्या. रिले नवा घाला, आणि दुसरा कप्प्यात ठेवा. रात्री नऊ वाजता चौकात अडकण्याची भीती अशाच गोष्टींनी कमी होते. "गाडी दणकट आहे" असं चार वेळा सांगून ती कमी होत नाही.

तुमच्या पत्नींचं म्हणणं मी थोडं वेगळं ऐकतोय. तुम्ही ते "जुनी नको, नवी हवी" असं लिहिलंय. पण ज्या घरात दहा वर्षांची मुलगी आहे तिथे गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ती वेळेवर पोचवते का आणि अपघातात आतल्यांना सांभाळते का, हाच असणार. दुसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्या. तुमच्या गाडीचा पत्रा जाड आहे हे उत्तर पुरेसं नाही. एअरबॅग किती आहेत, त्यांचा इशारा देणारा दिवा किल्ली फिरवल्यावर पेटून विझतो का, एबीएस चालतं का, मागच्या सीटबेल्टचे पट्टे अजून झटक्यात अडकतात का, हे तपासून त्यांच्यासमोर ठेवा. आजच्या अनेक छोट्या गाड्या सहा एअरबॅग आणि घसरण रोखणारी यंत्रणा घेऊन येतात, हे खरं आहे आणि या बाबतीत त्या तुमच्या ऑक्टाव्हियापेक्षा पुढे आहेत. घरात एकच गाडी राहणार असेल आणि तीच रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची असेल, तर त्यांच्या मताला माझ्या लेखी जास्त वजन आहे. चाकणला एकट्याने जाण्यासाठीच ऑक्टाव्हिया वापरणार असाल, आणि ती गॅरेजमध्ये असेल त्या दिवशी बस आहेच, तर हिशोब तुमच्या बाजूला झुकतो.

वडिलांबद्दल. ते बोलत नाहीत याचा अर्थ तुम्ही आपल्या परीने लावला आहे. "गाडी ठेवू की विकू" असं विचारलंत तर ते तुमच्यावरच सोडतील. आपल्याकडचे बरेच वडील असंच करतात. त्याऐवजी कामाचं विचारा. बेल्ट शेवटचा कधी बदलला, क्लच प्लेट कधी टाकली, कोणत्या मेकॅनिकवर भरवसा होता, बिलांची फाइल कुठे आहे. त्या फाइलने तुमचे निदान करण्याचे पैसे वाचतील, आणि बोलता बोलता त्यांच्या मनात काय आहे तेही कळेल. शिवाय एक व्यवहाराची बाब आहे: आरसी त्यांच्या नावावर आहे. गाडीचं बरंवाईट कायद्याच्या दृष्टीने आज त्यांच्या नावावर जमा होतं.

इथेच मॉडिफिकेशनचा मुद्दा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे ती उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक बदलासाठी कायदा मालक म्हणून तुमच्या वडिलांकडे बोट दाखवेल. तुम्हाला ते चालेल असं मला वाटत नाही. गाडी आधी फॉर्म 29 आणि 30 भरून स्वतःच्या नावावर करून घ्या, त्यांच्याशी बोलून.

यादी एकेक करून पाहू. रंग बदलता येतो, पण आरटीओची परवानगी घेऊन आणि आरसीत नोंद करून. मॅट रंगावर ओरखडा पडला तर पॉलिश करता येत नाही, पूर्ण भाग पुन्हा रंगवावा लागतो. रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी तो सुचवणार नाही. मूळ रंगात, गंज नीट काढून केलेलं काम या गाडीला शोभतं. मोठा एक्झॉस्ट सोडून द्या. डिझेल गाडीत त्याने फक्त आवाज वाढतो आणि सोसायटीत शत्रू. गाडी खाली घेऊ नका: या इंजिनाचा ऑइल संप, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं, ॲल्युमिनियमचा आहे, एका वाईट स्पीडब्रेकरने तो फुटतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर जातं. उलट जाड पत्र्याचं चांगलं संप गार्ड लावा. 17 इंची चाकांवर टायरची भिंत बारीक होते, खड्ड्यात रिम वाकते आणि सस्पेन्शनचे बुश लवकर जातात. रूपच बदलायचं असेल तर 205/55 आर 16 हे माप पाहा. मूळ 195/65 आर 15 शी त्याचा व्यास जवळजवळ जुळतो आणि परदेशात याच पिढीच्या ऑक्टाव्हियाला ते कारखान्यातूनही मिळायचं. चाकाचे बोल्ट 5 बाय 100, मधलं भोक 57.1 मिलिमीटर, हे जुळत नसेल तर दुकानदार कितीही म्हणाला तरी घेऊ नका.

हेडलाइटबद्दल तुमची तक्रार रास्त असणार. पण दिवे मंद असण्याचं कारण बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतं. काच पिवळी पडलेली असते, आतला आरसा काळवंडलेला असतो, आणि जुन्या वायर-स्विचमधून बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. काच पॉलिश करा, गरज असेल तर पूर्ण हेडलाइट बदला, रिले लावून थेट बॅटरीकडून वीज द्या आणि कंपनीने सांगितलेल्या वॅटचेच बल्ब वापरा. समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्ता दिसू लागेल. रोजच्या गाडीला खरा उपयोग होणारे बदल असेच असतात: चांगल्या ब्रेक डिस्क आणि पॅड, नवे शॉकअप आणि बुश, दरवाजांमध्ये आवाज अडवणारे थर, ब्लूटूथची साधी म्युझिक सिस्टिम, मागे कॅमेरा. यातल्या कशासाठी आरटीओकडे जावं लागत नाही, आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास बसल्यावर त्यांची किंमत कळते. रीमॅपचा विचार वर्षभर गाडी नीट चालल्यावर करा. तेव्हाही ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारी, क्लचला लागून असलेली जड चकती) आणि क्लच नवे असतील तरच. इंजिन बंद करताना खडखड आवाज येत असेल तर फ्लायव्हील आजच शेवटाला आलंय, त्यावर आणखी टॉर्क टाकू नका. आणि जो रीमॅपसोबत ईजीआर बंद करून देतो म्हणतो त्याला सांगा की पीयूसी तुम्हालाच काढायची आहे.

मित्रांच्या म्हणण्यात थोडी सरमिसळ आहे. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आली ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यात, 2015 च्या हरित लवादाच्या आणि 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर, आरटीओने गाडी तपासून, पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. तुमची गाडी 2006 ची. 2021 मध्ये पासिंग झालं असेल तर ती मुदत 2026 मध्ये संपते. ते झालंच नसेल तर आणखी महाग पडेल, कारण उशिरासाठी दर महिन्याला जादा शुल्क लागतं. आरसीवरची तारीख आजच पाहा. 20 वर्षांपुढच्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क 2025 मध्ये 10,000 रुपये झालं. त्यावर पर्यावरण कर, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि विमा आलाच. तीन वर्षं विमा बंद असेल तर नो-क्लेम बोनस केव्हाच गेला, आणि कंपनी आधी गाडी पाहायला माणूस पाठवेल. केलेले बदल विम्याला कळवले नाहीत तर दाव्याच्या वेळी ते अंगाशी येतात. नियम बदलत राहतात, म्हणून पैसे घालण्याआधी परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून जुने चलन, कर आणि मुदत पाहून घ्या. पासिंगची तपासणी मूळ रूपातल्या गाडीने द्या, हेही मॉडिफिकेशन पुढे ढकलायचं एक कारण आहे.

तुमच्यासारखी पत्रं इतरही गाड्यांबद्दल येतात. आपल्या राज्याचा या गाड्यांशी संबंध जवळचा आहे: मर्सिडीजची डब्ल्यू124 1995 पासून पुण्यात जोडली जायची, तुमची ऑक्टाव्हिया 2001 पासून शेंद्र्याला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, आणि फियाटची लिनिआ 2009 पासून रांजणगावला. त्यामुळे या गाड्यांवर हात बसलेले जुने मेकॅनिक अजून सापडतात. पण प्रत्येकीचं दुखणं वेगळं. स्कोडाच्याच लॉराच्या 1.9 डिझेलमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप-इंजेक्टर आहे, त्याला फोक्सवॅगनच्या 505.01 मानकाचंच ऑइल लागतं, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो. तुमच्या ऑक्टाव्हियाचं इंजिन त्या बाबतीत सोशिक आहे. लॉरा ऑटोमॅटिक असेल तर सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलल्याची बिलं पाहिल्याशिवाय घेऊ नका. डिझेल लिनिआचं 1.3 मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्येही होतं, म्हणून इंजिनाचे पार्ट गावोगाव मिळतात. दिवे आणि बॉडीचे पार्ट मात्र शोधावे लागतात. आणि जुनी पेट्रोल युरोपियन गाडी असेल तर पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यासाठी त्या गाडीचे रबर बनलेलेच नाहीत. पेट्रोलचे सगळे होज आणि सील नवे, इथेनॉल सोसणारे टाका आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

तुमच्यासाठी क्रम असा. आधी फक्त तपासणी: गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा, गंज, लोअर आर्म जिथे बसतात ती जागा आणि ऑइलच्या गळत्या. हे काम अंदाजपत्रक देणाऱ्या गॅरेजऐवजी दुसऱ्या मेकॅनिककडून, त्याचे पैसे देऊन करून घ्या. चेसिस सरळ आणि पत्रा शाबूत असेल तर बेल्ट, डिझेलची यंत्रणा, ब्रेक, टायर आणि कूलिंग एवढंच करा आणि गाडी चालू करून आकडे पाहा. इथे हेड, टर्बो किंवा डिझेल पंप यांपैकी मोठं काही निघालं तर थांबायला लाज वाटू देऊ नका. 1 लाख 65 हजारांतले बरेच पैसे अजून खिशात असतील. नाही निघालं तर सस्पेन्शन आणि क्लच करा, पासिंग करा, आणि तीन महिने आठवड्यातून दोन-तीनदा चाकणला न्या. त्या काळात मुलीला सोडायला ती वापरू नका. तीन महिन्यांचा खर्च आणि किती वेळा बंद पडली ते लिहून ठेवा आणि मग पत्नींसोबत ठरवा. रंगाचे 75 हजार त्यानंतरच.

तपासणीतच गाडी नापास झाली, म्हणजे खालचा पत्रा खाल्ला गेला असेल किंवा जुन्या अपघातात चेसिस वाकलेली निघाली, तर 70 हजारांचं गिऱ्हाईक अजून आहे का ते विचारा, आणि काय सापडलं तेही त्याला सांगा. भंगारात द्यायचीच वेळ आली तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून गाडी जमा केल्याचं डिपॉझिट सर्टिफिकेट घ्या. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय आरसीची फाइल बंद करू नका, कारण तोपर्यंत ती गाडी तुमच्या वडिलांच्याच नावावर आहे.